यादीतला हात

वैजू गेली सकाळी, आणि आमच्या गावाला, वाखरण्याला, ते कळलं दुपारच्या जेवणापर्यंत. मी फक्त तिच्या भावाला, दिगंबरला, फोन केला होता. म्हटलं होतं, इतक्यात कुणाला सांगू नकोस. त्याने सांगितलं नाही. तो नगरपालिकेसमोरच्या हॉटेलात जाऊन मोठ्याने रडला. मग सांगायची गरज उरली नाही.

मी इकडे मॉरिशसमध्ये इस्पितळाच्या बाकावर बसलो होतो आणि फोन थांबत नव्हता. ज्यांनी सहा वर्षं भीतीने फोन केला नव्हता, त्यांनी त्या दिवशी केला. वैजूशी बोलणं गुन्हा होता. वैजूच्या नवऱ्याचं सांत्वन करणं गुन्हा नव्हता.

संध्याकाळी दिगंबरचा पुन्हा फोन आला.

"दाजी, जेवलात का?"

"नाही."

"मीपण नाही. चार भजी खाल्ली फक्त. लोकांनी फार आग्रह केला." त्याने नाक शिंकरलं. "दाजी, एक सांगू? रागावू नका. अक्काचा हात सुटला."

मला राग आला नाही. वैजू स्वतः शेवटचा महिनाभर हेच म्हणत होती. "अहो, मरण्याचा एक फायदा बघा. माझी चित्रं तिकडे दिसायला लागतील."

हा हात काय प्रकार आहे, ते सांगतो.

माणूस रेघ ओढतो तेव्हा मेंदू हाताला एकच सलग हुकूम देत नाही. बारीक बारीक धक्के देतो. कुठला स्नायू किती आधी हलणार, कुठला किती नंतर, हे प्रत्येकाचं वेगळं असतं आणि ते ठरवून बदलता येत नाही. पेन असो की ब्रश, त्या धक्क्यांबरोबर रेघेची जाडी किंचित कमीजास्त होते. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. कंपवात लवकर ओळखता यावा म्हणून दोन डॉक्टरांनी हे शोधून काढलं. रोग्याने एक गोल काढायचा आणि यंत्राने सांगायचं, पुढे काय होणार. चांगलं काम होतं.

मग ते सरकारच्या हातात गेलं. आमच्या राज्यात सौजन्य कायदा आला आणि दृश्यशुद्धी मंडळ नेमलं गेलं. प्रत्येक फोनमध्ये, टीव्हीत आणि ते नवे चष्मे निघालेत त्यांत मंडळाचा पडदा बसवणं सक्तीचं झालं. मंडळाकडे चित्रकारांच्या हातांची यादी असते. यादीतल्या हाताने काढलेलं काहीही समोर आलं की पडदा तिथे राखाडी धुकं आणतो. चित्र जाळायला नको, चित्रकाराला तुरुंगात टाकायला नको. नुसतं धुकं. मात्र यादीत जिवंत हातच ठेवायचे असा नियम होता. मेलेला हात नवं काही काढत नाही, त्याच्यावर यंत्राची ताकद का घालवायची? मृत्यूची खात्री झाली की हात यादीतून काढतात.

वैजूचा हात यादीत गेला तो पाण्याच्या टाकीमुळे. वाखरण्याची टाकी बांधली तेव्हापासून कोरडी. दर निवडणुकीला साहेब यायचे, टाकीला हात लावून शपथ घ्यायचे, नारळ फोडायचे आणि जायचे. वैजू शाळेत चित्रकला शिकवायची. तिने एका रविवारी टाकीवर साहेबांचं चित्र काढलं. काळा गॉगल, कमरेला पोहायची रबरी ट्यूब, आणि टाकीच्या काठावर बसून पायाच्या अंगठ्याने पाणी गार आहे का बघतायत. साहेबांना गॉगलचा राग आला नाही, ट्यूबचा आला नाही. पोटाचा आला.

टाकी पुसायचा हुकूम निघाला. पण रंगाऱ्याला बिलासोबत कामाआधीचा फोटो जोडावा लागतो, आणि फोटोत धुकं. बिल पास होईना, म्हणून रंगारी येईना. शेवटी टाकीवर साहेबांच्या वाढदिवसाचा भला मोठा फ्लेक्स टांगला. वारा आला की फ्लेक्स उडतो आणि खालचे ट्यूबवाले साहेब दिसतात. पण हल्ली लोक जे फोनवर दिसेल तेच बघतात.

टाकीचं चित्र काढून आम्ही लगेच मॉरिशसला आलो होतो. इथल्या मराठी मंडळींनी वैजूला मुलांना शिकवायला बोलावलं होतं आणि मी सामान उचलायला बरोबर आलो होतो. आठवडाभरात तिच्यावर गुन्हा दाखल झाला आणि पासपोर्ट रद्द झाला. माझ्यावर काही नव्हतं. सामान उचलणाऱ्यावर गुन्हा लावायचं कुणाला सुचलं नाही. तेव्हापासून आम्ही मादाम शांता बाबाजींच्या पाहुणघरात वरच्या मजल्यावर राहत होतो. मादाम निवृत्त मराठी शिक्षिका. त्यांचे पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यात आले होते. त्या मराठी बोलतात ती पाठ्यपुस्तकासारखी, आणि चिडल्या की इथल्या क्रिओल बोलीत बोलतात.

इथे आल्यावर वैजूची बोटं सुजू लागली. पेन्सिल हलकी, ती चालायची. शाईचं काम जमेना. मग ती पातळ कागदावर पेन्सिलने चित्र काढायची, मी ते काचेवर जाड कागदाखाली ठेवायचो आणि शाईने गिरवायचो. पाटीवर अक्षरं गिरवतात तसं. मी मंडप डेकोरेटर माणूस, मला चित्रातलं काही कळत नाही. कुठे जाड, कुठे बारीक, हे ती समासात लिहायची, वर सांगायची आणि ऐकलं नाही की ओरडायची. पेन्सिलचा कागद फाडून टाका म्हणायची. कच्चं काम कुणाला दिसता कामा नये. शाईची चित्रं आम्ही तिकडे ओळखीच्यांना पाठवायचो आणि तिकडून उत्तर यायचं, धुकं मिळालं, आभारी आहोत.

तर आता तिचा हात सुटणार होता. मी मृत्यूचा दाखला वकिलातीतून पाठवला. दिगंबरने श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला घेतला. यादीतल्यांच्या घरच्यांना परत यायला परवाना लागतो, तो मला मंजूर झाल्याचं कळलं. दिगंबरने त्याच्या घरातली मागची खोली झाडून ठेवली. मी बॅग भरली. वैजू नसताना इथे माझं काय होतं? मला वाखरण्याचा बाजार बघायचा होता आणि माझ्याशी मराठीत भांडणारी माणसं हवी होती.

मग मंडळाचा फोन आला. समोर स्क्रीनवर एक तरुण बाई. रेणुका हिरवे, पडताळणी अधिकारी.

"ताम्हाणे, तुमच्या पत्नी जिवंत आहेत."

 एक क्षण मला खरंच वाटलं की इस्पितळाची चूक झाली असेल.

"कुठे आहेत?" मी विचारलं.

"ते तुम्ही आम्हाला सांगायचं. दाखल्यानुसार त्या सोमवारी वारल्या. यंत्रानुसार त्यांनी गुरुवारी एक चित्र काढलंय."

"कसलं?"

"चपलांचं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. भेटायला येणारी माणसं चपलांसकट वर यायला लागली म्हणून मादाम म्हणाल्या होत्या, "आपण एखादा फलक रंगवाल काय?" मी एका फळीवर दोन चपला काढल्या, बाण काढला आणि खाली लिहिलं, चपला इथे काढाव्यात. मादामना तो इतका आवडला की त्यांनी पाहुणघराच्या पानावर त्याचा फोटो टाकला.

"मॅडम, तो बोर्ड मी रंगवलाय."

"सगळे असंच म्हणतात. नवरे, भाऊ, विद्यार्थी. यंत्र हात ओळखतं, ताम्हाणे. मयत व्यक्तीला बोर्ड रंगवता येत नाही. सूट मिळवण्यासाठी मृत्यूचा बनाव केलेले तीन चित्रकार आम्ही पकडलेत."

"तुम्ही बोर्ड बघा तरी. माझं अक्षर ओळखू येईल कुणालाही."

"मला कसा दिसणार? पडदा आम्हालाही आहे. नियम सगळ्यांना सारखा."

"मग चपला आहेत हे कसं कळलं?"

"तुमच्या मादामनी खाली लिहिलंय. 'माझ्या दारातल्या नव्या चपला.'" त्यांनी पाणी प्यायलं. "आणखी एक. जिवंत व्यक्तीला श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावता येत नाही. तुमच्या मेहुण्यांना कळवा. आणि जिवंत असेपर्यंत त्यांच्या नावाचं कुठलंही चित्र लावणं गुन्हाच आहे."

मी दिगंबरला व्हिडिओ फोन केला. तो फ्लेक्सवाल्याच्या दुकानातच होता. मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो, फोन हातात धरून. तो ओरडायला लागला.

"जिवंत? दाजी, मी डोक्यावरचे केस काढलेत! आता काय चिकटवू?"

"यंत्र बिघडलंय, दिगू."

"आणि तुमच्याकडे आग लागलीय का? मागे धूर दिसतोय."

मी मागे बघितलं. दाराबाहेर जिन्याशी चपलांचा बोर्ड होता. त्याला तिथे धुकं दिसत होतं. म्हणजे यंत्र खरंच माझ्या बोर्डाला वैजूचं काम समजत होतं.

"आणि दाजी, त्या डाळीच्या डब्याखाली साहेब आहेत का?"

"कोण?"

"साहेब. डब्याखालून गॉगल दिसतोय. चक्क दिसतोय!"

मी डबा उचलला. वैजू पेन्सिलचे कागद फाडायला सांगायची, पण मंडपवाला कागद फेकत नाही. मी ते मांडणीवर डब्यांखाली अंथरले होते. वैजूने कधी डबा उचलून बघितला नाही, कारण डबे घासायचं काम माझ्याकडे होतं. कागदावर तेलाची वर्तुळं होती, हळद होती, आणि वैजूच्या पेन्सिलीतले साहेब होते. सहा वर्षांत तिचं एकही चित्र तिकडे दिसलं नव्हतं, आणि हे दिगंबर बघून हसत होता. हसता हसता रडायला लागला.

मी सगळे डबे खाली काढले. एकेक कागद फोनसमोर धरला. प्रत्येक दिसत होता. मग कपाटातून त्याच चित्राचा शाईचा कागद काढून धरला.

"धुकं," दिगंबर म्हणाला.

पेन्सिल दिसते. शाई दिसत नाही. शाई मी गिरवलेली. मी स्टुलावर बसलो आणि मला टाकी आठवली.

वैजूला उंचीची चक्कर यायची. पंख्याची पाती पुसायला स्टूल घेतलं तरी मी धरून उभा राहायचो. टाकीला परांची मी बांधली, वर मी चढलो आणि चित्र मी रंगवलं. ती खाली रस्त्यावर उभी राहून ओरडत होती, डावीकडे घ्या, पोट अजून, लाजू नका. पहाटे कुणी उठलेलं नव्हतं. सही तिच्या नावाची, कारण चित्र तिचं. मंडळाने टाकीवरच्या रेघांवरून हात घेतला आणि सहीवरून नाव. यादीत वैजूच्या नावापुढे सहा वर्षं माझा हात होता.

मादामना सांगितलं तेव्हा त्यांनी चपलांचा बोर्ड जवळ जाऊन बघितला.

"म्हणजे आपण कुख्यात आहात?"

"असं दिसतंय."

"आपण गप्प राहिलात तर काय होईल?"

"मी वाखरण्याला जाईन. वैजू मंडळाच्या हिशेबात जिवंत राहील. मी मरेपर्यंत तिचं नाव कुणाला घेता येणार नाही."

"आणि सत्य सांगितलंत तर?"

"ती सुटेल. पेन्सिलची चित्रं तिकडे लावता येतील. गुन्हा माझ्यावर येईल, परवाना जाईल, मी इथेच."

"मी आपल्याला सत्य बोला असे सांगणार नाही," मादाम म्हणाल्या. "मी तीस वर्षे शाळेत शिकवले. सत्य बोलणाऱ्या मुलांचे काय होते ते मी पाहिले आहे." मग उठून जाताना म्हणाल्या, "खोलीचे भाडे मात्र वाढवणार नाही."

मी दोन दिवस बॅगेकडे बघत काढले. एकदा उघडली, स्वेटर काढून ठेवला, पुन्हा घातला. वाईट एवढंच वाटत होतं की वैजूला विचारलं असतं तर खरं सांगायला तिने नाहीच म्हटलं असतं. मला अडकवायचं नाही, आणि कच्चं काम लोकांना दाखवायचं नाही. पण ती विचारायला नव्हती. मी हिरवे बाईंना फोन लावला.

"मॅडम, तुमच्या यादीतला हात माझा आहे. बघा."

मी फोन भिंतीला टेकवला, समोर कागद घेतला आणि ब्रशने चप्पल काढायला सुरुवात केली. स्क्रीनवर त्यांचा चेहरा पुढे आला. त्यांना माझा हात दिसत होता, ब्रश दिसत होता, आणि ब्रश जिथे जाईल तिथे कागद धुक्याने भरत होता.

"थांबा," त्या म्हणाल्या. "दुसरं काहीतरी काढा."

मी बादली काढली. धुकं.

"बकरी काढा."

"मला बकरी येत नाही, मॅडम."

"प्रयत्न करा. हे अधिकृत आहे."

मी बकरी काढली. ती बादलीसारखीच झाली, पण त्यांना काय दिसणार? त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"पण ही चित्रं तुमच्या डोक्यातून तर..."

"डोकं तिचं. हात माझा. तुमच्या यंत्राला हातच कळतो."

"ताम्हाणे, तुमचा परवाना माझ्यासमोर आहे. मंजूर आहे. हे मी नोंदवलं की तो रद्द होतो. टाकीचा गुन्हा तुमच्यावर येतो." त्यांनी आवाज खाली केला. "मी अजून काही टाइप केलेलं नाही."

मला त्या बाईबद्दल तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं.

"टाइप करा," मी म्हटलं. "आणि माझी बायको मेली आहे असंही टाइप करा. त्यासाठीच फोन केलाय."

फ्लेक्स तेराव्याच्या दोन दिवस आधी लागला. कुठे, तर टाकीवर, साहेबांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच. भावपूर्ण श्रद्धांजली, कै. वैजयंती सतीश ताम्हाणे. कोपऱ्यात तिचा फोटो आणि बाकी सगळ्या फ्लेक्सभर तिचा पेन्सिलचा कागद, तेलाच्या वर्तुळांसकट. साहेब नळाचं उद्घाटन करताहेत. नळाला हार घातलाय. नळातून माइकची वायर बाहेर आलीय आणि खाली घागरी भाषण ऐकत रांगेत उभ्या आहेत. समासात वैजूने मला लिहिलेलं सगळं तसंच छापलं होतं, कारण दिगंबरने ते कापायला नकार दिला. "अहो, नाक लांब करा. तुमचं नव्हे, साहेबांचं." "पोट अजून." "इथे जाड रेघ. इथे बारीक. इथे चहा."

खाली शोकाकुल म्हणून फोटो घालायचे असतात. दिगंबरने आधी स्वतःचा एकट्याचाच घातला होता. साहेबांच्या प्रत्येक फ्लेक्सवर त्याचा फोटो शुभेच्छुक म्हणून दहा वर्षं होता, तो आता जाणार हे त्याला माहीत होतं. मग हॉटेलवाला म्हणाला, माझाही घाल. मग शाळेचे दोन शिक्षक. मग ज्यांनी तिच्याविरुद्ध साक्ष दिली होती ते मुख्याध्यापक. शेवटी जागेवरून भांडणं झाली आणि फ्लेक्सला खाली वेगळी पट्टी जोडावी लागली.

लोकांनी फोन वर धरले आणि चित्र दिसलं. टाकीखाली गर्दी झाली. नगरपालिकेचे लोक शिडी घेऊन आले आणि उभे राहिले. तेराव्याच्या आत श्रद्धांजलीचा फ्लेक्स उतरवायचा, हे वाखरण्यात आजवर कुणी केलेलं नाही. मंडळाला विचारलं तर मंडळ म्हणालं, हा हात यादीत नाही, आणि मयत असल्यामुळे यादीत घेता येत नाही.

निवडणूक जवळ होती आणि गर्दी मोठी होती, त्यामुळे साहेबांना यावं लागलं. दिगंबरने मला फोनवर सगळं दाखवलं. साहेबांनी गॉगल काढला, हार घातला, हात जोडले आणि वर बघितलं. शंभर फोन त्यांच्यावर होते आणि एकाही फोनमध्ये धुकं नव्हतं.

"एवढं पोट नाही माझं," साहेब हळूच म्हणाले.

"नाही साहेब," दिगंबर म्हणाला. "पण अक्का गेली ना. आता कमी कोण करणार?"

तेराव्याला सूर्यास्तानंतर फ्लेक्स उतरला. पण तोवर ते चित्र घरोघर फोनमध्ये गेलं होतं, आणि दिगंबर मी फोटो काढून पाठवलेले मांडणीवरचे बाकीचे कागद एकेक करून सोडत होता. आता मला वाखरण्याहून अनोळखी माणसांचे निरोप येतात. गुड मॉर्निंग नाही, काही नाही. नुसतं, "दाजी, इथे चहा." मेलेले हात यादीत घेता यावेत म्हणून मंडळ नियम बदलणार आहे असं हिरवे बाईंनी कळवलंय. बैठक तीनदा पुढे गेलीय. त्यांनी ते कळवायला नको होतं, तरी कळवलं.

यादीत आता माझं नाव आहे. चित्रकार, असं लिहिलंय. वैजू खूप हसली असती.

इस्पितळातून तिची पिशवी आणली होती, ती मी या आठवड्यात उघडली. कंगवा, चष्मा, आणि घडी घातलेला एक पातळ कागद. त्यावर मी आहे. इस्पितळाच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलोय, शर्टाचं खालचं बटण तुटलंय. समास कोरा आहे. मी जाड कागद काचेवर लावलाय आणि शाई काढून ठेवलीय. पोटाची रेघ जाड हवी की बारीक, ते तिला विचारायचं राहून गेलं. चित्र अजून गिरवलेलं नाही.